आमची बोट आणि चढता डॉलर

माझं माहेर वेंगुर्ल्याचं. लहानपणी मुंबईहून घरी यायचं म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून बोटीत बसायचं, हे ठरलेलंच. डेकवर वळकटी पसरून जागा धरायची, आईने बांधून दिलेल्या दशम्या खायच्या आणि बोट लागली की लिंबू हुंगत पडून राहायचं. वेंगुर्ल्याला बोट धक्क्यापर्यंत येत नसे. ती लांब समुद्रात उभी राही आणि आम्ही पडावातून किनाऱ्याला येत असू. वडील तिकीट काढत ते रुपयांत. आज काढलं काय आणि चार दिवसांनी काढलं काय, भाडं तेच!

लग्न होऊन साताऱ्याला आले आणि समुद्र सुटला. पुढे २०१३ च्या एप्रिलमध्ये हे निवृत्त झाले, तेव्हा थोरल्या जाऊबाईंनी टूम काढली. सिंगापूरहून सुटणाऱ्या मोठ्या बोटीतून चार रात्रींची सहल, आम्ही चौघांनीच करायची. मी तर एका पायावर तयार!

मे महिन्याच्या सुरुवातीला आम्ही सहलवाल्याच्या कचेरीत गेलो. तो म्हणाला, “काका, भाडं अमेरिकन डॉलरमध्ये आहे. ज्या दिवशी पैसे भराल त्या दिवशीचा भाव.” एका जोडप्याचं खोलीभाडं, बंदराचे आकार आणि बोटीवरच्या नोकरांची टीप, सगळं मिळून १,४०० डॉलर. त्यातले ४०० लगेच, उरलेले १,००० एकतीस ऑगस्टपर्यंत. त्या दिवशी त्याचा भाव होता ५५ रुपये.

“पेपरात तर चौपन्नच्या आसपास लिहिलंय,” मी म्हटलं.

“काकू, तो बँकांचा आपापसातला भाव. सोनार विकताना एक भाव लावतो आणि तुमचं सोनं घेताना दुसरा, तसंच हे.”

सोनाराचं उदाहरण दिल्यावर कुठल्या बाईला कळणार नाही? मोठ्या भाऊजींनी तिथल्या तिथे सगळे ७७,००० रुपये भरले. ह्यांनीही चेकबुक काढलं होतं. पण मीच आडवी आले. “अहो, ऑगस्टमध्ये माझी भिशी लागणार आहे. उगाच मुदत ठेव कशाला मोडायची?” व्याज वाचवलं म्हणून मनातल्या मनात मी स्वतःची पाठही थोपटली. आम्ही २२,००० भरले आणि घरी आलो.

त्याच महिन्याच्या २२ तारखेला अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख बेन बर्नान्की यांनी, बाजारात ओतत असलेला पैसा हळूहळू कमी करू, असं सूचित केलं. झालं! जगभरातला पैसा अमेरिकेकडे वळू लागला. आपल्याकडे तेल आणि सोनं आणायला डॉलर लागतात आणि निर्यातीतून तेवढे मिळत नाहीत. रुपया घसरायला लागला. जूनअखेर डॉलरने साठी ओलांडली. ऑगस्टमध्ये सरकारने सोन्यावरचं आयात शुल्क ८ वरून १० टक्के केलं, तरी घसरण थांबेना. आमचे हे पूर्वी पेपरात आधी राशिभविष्य वाचायचे, ते आता डॉलरचा भाव वाचू लागले. “उतरेल हो,” मी म्हणायची. कशाच्या जोरावर, देव जाणे!

२८ ऑगस्टला गोकुळाष्टमी होती. मी उपासाचं करत होते आणि दूरदर्शनवर बातमी आली, डॉलर ६८ रुपयांच्या वर! तोवरचा सर्वांत मोठा नीचांक. ह्यांनी मुकाट्याने चपला पायात घातल्या. मी भिशीचे पैसे पुढे केले, वर ठेव मोडायची ती मोडलीच. सहलवाल्याचा भाव साडेएकोणसत्तर. ज्या हजार डॉलरना मे महिन्यात ५५,००० पडले असते, त्यांना ६९,५०० मोजले. दुसऱ्याच दिवशी रुपया दोनेक रुपयांनी सावरला. गावात दहीहंड्या फुटत होत्या, आमची आदल्या दिवशीच फुटली होती.

त्या रात्री मी विचारलं, “रद्द करू या का?” पण रद्द केलं असतं तर भरलेल्यातलंही बरंच गेलं असतं. हे म्हणाले, “अगं, पडावात बसल्यावर मध्येच कोणी उडी मारतं का?” मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं. आणि खरं सांगू? त्यानंतर जाऊबाईंशी मी नीट बोलेनाच. तीच बोट, शेजारची खोली, तेच जेवण, आणि त्यांना साडेचौदा हजार कमी! चूक माझी, राग मात्र त्यांच्यावर.

भाऊबीज आटोपून आम्ही निघालो. सिंगापूरला मरीना बे इथे २०१२ साली सुरू झालेलं बोटींचं नवं स्थानक आहे. विमानतळच म्हणा ना! बोट म्हणजे पाण्यावरची दहा-बारा मजली चाळ. आत रोख पैसे चालत नाहीत. प्रत्येकाला एक कार्ड, त्यावर सगळा खर्च डॉलरमध्ये चढतो आणि शेवटच्या दिवशी हिशेब. थंड पेयाचा डबा अडीच डॉलरला. तोपर्यंत डॉलर त्रेसष्टच्या आसपास आला होता, म्हणून हे लगेच म्हणाले, “एकशे सत्तावन्न रुपये!” मग आम्ही फुकटचा चहाच पीत राहिलो.

पिनांगला मात्र मन रमलं. जॉर्जटाउन हे जुनं शहर २००८ पासून जागतिक वारसा यादीत आहे. धक्क्यावरून चालत गेलं की तमिळ लोकांची वस्ती लागते. मोगऱ्याचे गजरे, पितळी समया, आणि १८३३ साली उभारलेलं महामारिअम्मनचं देऊळ. समुद्रात खांबांवर उभी असलेली चिनी कुटुंबांची लाकडी घरं पाहून मला कोकणातले माचेच आठवले. तिथलं नाणं रिंगिट, एकाला सुमारे वीस रुपये. पैसे बदलणाऱ्यांच्या पाट्या वाचत मी चार दुकानं फिरले. घेण्याच्या आणि देण्याच्या भावात जिथे अंतर कमी, तिथेच पैसे बदलले. हे कौतुकाने पाहत होते.

फुकेतला बोट किनाऱ्यापासून लांब थांबली आणि लहान होड्यांतून उतरायचं होतं. अगदी वेंगुर्ल्यासारखं! माझे पाय आपोआप पडले. जाऊबाई मात्र घाटावरच्या, त्या दारातच थिजल्या. मी हात पुढे केला, तो त्यांनी किनारा येईपर्यंत सोडला नाही. होडीतच म्हणाल्या, “तू रागावली आहेस ते कळतंय गं. पण आम्ही पैसे भरले ती काही हुशारी नव्हती. ह्यांना कुणाचं देणं ठेवायची सवय नाही, एवढंच. भाव उतरला असता, तर तू शहाणी आणि मी खुळी ठरले असते.”

किती खरं होतं! भाव चढणार की उतरणार हे कुणालाच ठाऊक नसतं. मी काटकसर समजत होते, तो खरा तर जुगार होता. मला तो कळलाही नव्हता.

आज २०१३ चे ते आकडे स्वस्ताईचे वाटतात. २०२२ मध्ये डॉलरने ऐंशी गाठली आणि २०२५ अखेर नव्वद ओलांडली. म्हणून, मैत्रिणींनो, परदेशी बोटीचा बेत असेल तर एवढं करा. डॉलरचं भाडं पैसे भरेपर्यंत पक्कं झालं असं समजू नका. एकदम भरणं जमत नसेल, तर डॉलर दहा रुपयांनी चढला तरी पेलेल का, हे आधी बघा. नसेल पेलत, तर आपली मुंबई-गोवा बोट बरी. टीप, बंदराचे आकार आणि बोटीवरचा वरखर्चही डॉलरमध्येच धरा. परदेशात कार्ड देताना यंत्र विचारतं, रुपयांत घेऊ की इथल्या चलनात? तिथल्याच चलनात सांगा. फुकेतला ह्यांनी आनंदाने रुपये सांगितले आणि भाव चढाच लागला. शिवाय २०२० च्या ऑक्टोबरपासून परदेशी सहलीवर आगाऊ कर घेतात. तो विवरणपत्रात वळता होतो, पण आधी हाताशी लागतो. त्याची टक्केवारी बदलत असते, ती विचारून घ्या.

यंदा जाऊबाई पुन्हा बोटीचं म्हणताहेत. मी म्हटलं, “वहिनी, येते की. पण पैसे दोघींनी एकाच दिवशी भरायचे हं!”