मधला बुडबुडा

यंत्रांची आणि आमची मैत्री कधींच नव्हती. आमचा सारा जन्म वर्गांत विभक्ति व समास शिकविण्यांत गेला. अशा मनुष्यानें मोटारसायकलीच्या क्लचविषयीं लिहावें, हें वाचकांस विनोदाचें वाटेल. परंतु गेल्या मार्गशीर्षांत आमच्या अंगणांत जें घडलें, तें सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

आमच्या पुतण्याजवळ एक वजनदार मोटारसायकल आहे. एके सायंकाळीं तो घरीं आला तो पांढराफटक पडून. चौकांत तांबड्या दिव्यापाशीं पहिल्या गिअरमध्यें क्लच दाबून उभा असतां दांडी एकाएकीं हातांत सैल पडली. गाडी आचका देऊन पुढें सरकली आणि बंद पडली. समोरून एक म्हातारी रस्ता ओलांडीत होती. ब्रेकवर पाय होता म्हणून हातभर अंतरावर निभावलें.

पुष्कळ गाड्यांत क्लचची दांडी तारेची केबल ओढते. या गाडींत केबलीऐवजीं तेलानें भरलेली नळी आहे. हँडलापाशीं एक सिलिंडर, इंजिनापाशीं दुसरा. पहिल्यास इंग्रजींत मास्टर म्हणतात व दुसऱ्यास स्लेव्ह. आम्हीं त्यांचें 'स्वामी' व 'सेवक' असें बारसें केलें. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांस सारखाच पोंचतो, हा सतराव्या शतकांतील पास्कल या फ्रेंच पंडिताचा सिद्धान्त येथें कामास येतो. सेवकाच्या दट्ट्याचा व्यास स्वामीच्या दुप्पट असला, तर जोर चौपट होतो. त्याची चाल मात्र चौथाई होते.

या सेवकाचें रबरी सील झिजून तेल पाझरत होतें. हें तेल म्हणजे आपलें ब्रेकचेंच डॉट 4 तेल. तें हवेंतील ओलावा शोषून घेतें. ताजें असतां तें 230 अंश सेल्सिअसच्या आंत उकळत नाहीं. ओलावा शिरला म्हणजे हीच मर्यादा 155 पर्यंत खालीं येऊं शकते, आणि आंतला धातूही गंजूं लागतो. म्हणून तें दोन वर्षांनीं बदलावें. पुतण्यानें खालीं मान घालून चार वर्षें झाल्याचें कबूल केलें. कांहीं गाड्यांत याऐवजीं खनिज तेल असतें. एकाच्या जागीं दुसरें घातल्यास सीलें नासतात. यासाठीं डबीच्या झांकणावर लिहिलें असेल तेंच घालावें.

रविवारीं त्यानें नवा सिलिंडर आणला. हें तेल सांडल्यास रंग खातें, म्हणून आमच्या कुटुंबानें जुनें धोतर पसरून शेजारीं पाण्याची बादली ठेविली. नळीच्या पोकळ बोल्टास तांब्याचे नवे वायसर घातले. सेवक उघडा असतां दांडी दाबल्यास त्याचा दट्ट्या बाहेर निसटतो, म्हणून तोंवर दांडीस कोणी हात लावावयाचा नव्हता.

मग खरें काम आलें, तें नळींतील हवा काढण्याचें. यास दोन माणसें बरीं. पुतण्या पाना घेऊन खालीं बसला, दांडीवर आम्ही. तो म्हणे, "दाबा. धरून ठेवा." मग निपल किंचित् सैल करी, पारदर्शक नळींतून तेल व बुडबुडे बाटलींत उतरत. निपल आवळून तो म्हणे, "आतां सोडा." मधून मधून वरची डबी भरावयाची, ती रिकामी झाली कीं हवा पुन्हां आंत.

पंधरा-वीस वेळां असें झाल्यावर आमचा धीर सुटला, आणि निपल आवळण्यापूर्वींच आम्हीं दांडी सोडली. आट्यांवाटे हवा आंत शिरली.

तो रागावला नाहीं. "असूं दे, काका. पुन्हां पहिल्यापासून करूं," एवढेंच म्हणाला.

आम्हांस एकदम आठवलें. हाच मुलगा आठवींत असतां आमच्यापुढें 'देव' शब्द चालवीत होता. तृतीयेपाशीं दुसऱ्यांदा अडखळतांच "हें तुझ्यानें होणार नाहीं" म्हणून आम्हीं पुस्तक मिटलें होतें. पुढच्या वर्षीं त्यानें संस्कृत सोडलें. त्यानंतर आमच्याशीं तो अदबीनें बोले, पण कामापुरतेंच. आम्हीं तें वयाच्या माथीं मारलें होतें.

त्या दिवशीं मात्र अंधार पडेपर्यंत आम्हीं दांडी सोडली नाहीं. तरीही ती थोडी मऊच लागे. तेल दाबानें आक्रसत नाहीं म्हणण्यास हरकत नाहीं. हवा मात्र आक्रसते. स्वामी धड, सेवक नवा. पण मध्यें थोडी हवा उरली, तर हाताची चाल तिला दाबण्यांतच संपते. पुतण्यानें दांडी हँडलास दोरीनें बांधून ठेविली. रात्रभरांत उरलेले बारीक बुडबुडे वर चढून डबींत गेले. सकाळीं दांडी घट्ट लागली. स्टँडवर पहिला गिअर घालून ती दाबली, तों मागलें चाक हातानें फिरलें.

चहा घेतांना आम्हीं त्या तृतीयेची गोष्ट काढली व चूक आमची होती असें सांगितलें. तो थोडा वेळ कपाकडे पाहत राहिला. मग हंसून म्हणाला, "देवेन, देवाभ्याम्, देवैः. बरोबर ना?"

तेल पुन्हां दोन वर्षांनीं बदलावयाचें आहे. दांडीवर आम्हींच बसणार, असें त्यास सांगून ठेविलें आहे.