पान लागण्याआधी

प्रिय चिऊ,

तू पाठवलेला फोटो पाहिला. गडग्याच्या चिऱ्यांत अर्धा शिरलेला, पिवळट तपकिरी, चांगला लांबलचक साप, आणि खाली तुझा प्रश्न, 'मावशी, विषारी आहे का गं?' नाही. धामण आहे ती. तिचा डोळा बघ केवढा मोठा आहे, आणि ओठांवर त्या उभ्या काळ्या रेघा. परड्यातले उंदीर ती खाते, आणि उंदीर कमी झाले की त्यांच्या मागावर येणारा नागही दाराशी कमी फिरकतो. म्हशीच्या पायांना विळखा घालून धामण दूध पिते, असं वाडीत कुणीतरी सांगेलच. कुठलाच साप म्हशीचं दूध पीत नाही. तिला मारू देऊ नकोस. पण एक सांग, हा फोटो काढायला तू किती जवळ गेली होतीस? फण्याशिवाय नागही पुष्कळदा धामणीसारखाच दिसतो. तो फणा काढतो ते आपण अंगावर गेल्यावर. पुढच्या वेळी दहा पावलं लांबून बघ.

माझी सगळी नोकरी कोकणातल्या सरकारी दवाखान्यांत गेली, म्हणून तुझ्या तिथल्या या पहिल्या पावसाळ्याची मला काळजी वाटते. 2000 ते 2019 या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने साधारण बारा लाख माणसं गेली, असा अंदाज 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मांडला आहे. त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले, आणि बहुतेक खेड्यांतले. लावणी करणारे, गवत कापणारे, जमिनीवर झोपणारे लोक.

तुझ्या भागात खरी भीती चौघांची: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. फुरसं पहिलं शिक, कारण तू सड्यावर राहतेस. फूट-दीड फुटाचं, मातकट तपकिरी, दोन्ही बाजूंनी पांढुरकी नागमोडी रेघ आणि डोक्यावर बाणासारखी खूण. जांभ्याच्या दगडाखाली ते दिवसभर पडून असतं. माणूस आला की पळायचं सोडून तिथेच वेटोळं करतं आणि अंगावरचे खरखरीत खवले एकमेकांवर घासून आवाज करतं. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने रत्नागिरी जिल्ह्यात फुरशी मारणाऱ्यांना बक्षिसं दिली, हजारोंनी मारली गेली, तरी फुरसं आहे तिथेच आहे. म्हणून मारण्याच्या भरीला पडू नये. दगड उचलायचा तर आधी काठीने उलटावा. तुझ्या शाळेतली मुलं आवारात खेळताना दगड गोळा करतात, त्यांना हे पहिल्याच आठवड्यात सांग.

घोणस मात्र फसवते. जाडजूड, सुस्त, पाठीवर गोल-लांबट तपकिरी ठिपक्यांच्या तीन ओळी, साखळीसारख्या एकामागून एक. अजगराचं पिल्लू समजून लोक तिला हाताने उचलायला जातात. अजगराच्या अंगावरचे चट्टे वेडेवाकडे असतात, कुठल्याच ओळीत बसत नाहीत. घोणशीचं डोकं त्रिकोणी, मान बारीक, आणि डिवचली की कुकरच्या वाफेसारखा मोठा फूत्कार सोडते. भातकापणीच्या दिवसांत ती पेंढ्याखाली, भाऱ्याखाली सापडते. भारा उचलण्याआधी काठीने हलवून घ्यायला सांग, शेजारच्या काकींनाही.

मण्यारीची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते. ती रात्री फिरते, पालींच्या, उंदरांच्या, दुसऱ्या सापांच्या मागे घरात येते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावते. फारसं दुखत नाही, सूज नाही, कधी खूणही सापडत नाही. पहाटे कुणी पोटात कळ येते म्हणून उठतं, मग पापण्या जड होतात, बोबडी वळते, घोट गिळता येत नाही. ही लक्षणं एकत्र दिसली की साप कुणी पाहिला नसला तरी थांबायचं नाही. चकचकीत काळ्या अंगावर पांढरे बारीक पट्टे, बहुधा जोडीने, डोक्याकडे पुसट आणि शेपटीकडे स्पष्ट, ती मण्यार. भिंतीवर चढणारा बिनविषारी कवड्या याच्या उलट: तपकिरी, पट्टे मानेपासूनच ठळक आणि शेपटीकडे विरत गेलेले. पण अंधारात, घाबरलेल्या डोळ्यांनी हा फरक कुणालाच करता येत नाही. म्हणून पडवीत झोपू नकोस. खाटेवर झोप आणि मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचून घे. मण्यारीपासून याहून चांगलं संरक्षण मला ठाऊक नाही. न्हाणीकडे जाताना बॅटरी हवीच, अंगण ओळखीचं असलं तरी.

विहिरीजवळची दिवड, कुंपणातला हिरवा हरणटोळ, बागेतली नानेटी यांची काळजी नको. दिवड चिडकी आहे, चावतेही, पण तिला विष नाही. हरणटोळ माणसाची टाळू फोडतो, हे खोटं आहे.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. ही सगळी ओळख पान लागण्याआधीची, म्हणजे साप चावण्याआधीची. चावल्यावर साप शोधायला, मारायला, पिशवीत घालून आणायला कुणाला पाठवू नकोस. त्यात दुसऱ्यालाही चावतो आणि वेळ जातो तो जातोच. आपल्याकडचं प्रतिविष घोड्यांना या चारही सापांची विषं थोडी थोडी टोचून, त्यांच्या रक्तातून तयार करतात, त्यामुळे चौघांवर औषध एकच. डॉक्टर लक्षणं बघतात. काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही तर घोणशीचं किंवा फुरशाचं विष भिनलं हे कळतं. लहान मुलालाही प्रतिविषाची मात्रा मोठ्यांइतकीच लागते, कारण विष तेवढंच गेलेलं असतं. पालक 'एवढ्याशा पोराला एवढं?' म्हणतील, तेव्हा तू समजावून सांग.

दवाखान्यात पोहोचेपर्यंत करायचं थोडं आहे. बांगड्या, अंगठी, पैंजण काढायचे, कारण सूज आली की ते रुततात. हात किंवा पाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवायचा. माणसाला चालवायचं नाही, उचलून न्यायचं. 108 ला फोन करायचा. गाडीला वेळ लागणार असेल तर मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून निघायचं. करकचून दोरी बांधणं, चिरा देणं, तोंडाने विष ओढणं, जखमेला कोंबडीची पिल्लं लावणं, कडुनिंबाचा पाला चघळायला देऊन चव विचारणं, यातलं काही नको. भगताकडे आधी न्यायचं म्हणणारी माणसं वाईट नसतात, घाबरलेली असतात. त्यांच्याशी भांडू नकोस. गाडी सुरू करायला लाव आणि मंत्र वाटेत म्हणू दे.

घरात साप शिरला तर दार लावून बाहेर ये आणि वन खात्याला किंवा प्रशिक्षित सर्पमित्राला बोलाव; 1972 च्या वन्यजीव कायद्याने सापांना संरक्षण आहे.

या रविवारी एक काम कर. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जा आणि प्रतिविष आत्ता शिल्लक आहे का, रात्री डॉक्टर असतात का, नसतील तर पुढचं रुग्णालय कोणतं आणि तिथे पोहोचायला किती वेळ लागतो, हे विचार. उत्तरं आणि फोन नंबर वर्गाच्या दाराशेजारी मोठ्या अक्षरांत लिहून लाव, म्हणजे मुलांनाही वाचता येतील. आणि संध्याकाळी मला फोन करून सांग.

तुझी,
मावशी