टोपणनाव पडतं, मग त्याचा मालक कोण?

जून २०२५ मध्ये बातमी आली की 'कॅप्टन कूल' या नावासाठी महेंद्रसिंह धोनीनं केलेला अर्ज ट्रेडमार्क कार्यालयानं स्वीकारून जर्नलमध्ये प्रसिद्ध केला. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निम्मे साताऱ्याचे, निम्मे माझ्यासारखे सांगलीचे. त्या दिवशी सगळ्यांचा एकच सूर होता: नाव आपण दिलं आणि मालक तो झाला?

सगळ्यात जास्त तापला होता साताऱ्यातला एक मित्र. त्याचं टी-शर्ट छापायचं छोटं दुकान आहे. मागे एकदा एका संघाच्या नावाचा माल नोटीस आल्यामुळे त्याला गुंडाळून ठेवावा लागला होता. त्यामुळे त्याच्यासाठी ही नुसती चर्चा नव्हती.

आधी कायद्याचं बघू. ट्रेडमार्क शब्दावर सरसकट मिळत नाही. वस्तू आणि सेवांचे ४५ वर्ग आहेत, आणि हक्क मिळतो तो त्या-त्या वर्गापुरता. धोनीचा अर्ज ४१व्या वर्गातला, म्हणजे खेळाचं प्रशिक्षण वगैरे. कपडे येतात २५व्या वर्गात. स्टेडियममध्ये 'कॅप्टन कूल' म्हणून ओरडायला तर कुणाचाच परवाना लागत नाही.

पण खरी गंमत पुढे आहे. मिळतंजुळतं नाव आधीच नोंदीत असल्यानं या अर्जावर सुरुवातीला आक्षेप आला होता. त्यावर धोनीच्या बाजूनं युक्तिवाद झाला, की हे नाव ऐकलं की लोकांना वर्षानुवर्षं धोनीच आठवतो. म्हणजे पुरावा कोण? आपणच. आपली पोस्टर्स, आपल्या आरोळ्या. तरी मला ही वाटणी मान्य आहे. नाव आपलं असलं तरी तो थंडपणा त्याचा होता.

पण नाव खेळाडूचं नसून प्रेक्षकांचंच असेल तर? अमेरिकन फुटबॉलमध्ये मैदानावर अकरा जण असतात, म्हणून प्रेक्षक म्हणजे 'बारावा गडी'. टेक्सस ए अँड एम विद्यापीठ या नावाची गोष्ट १९२२ पासून सांगतं. डॅलसच्या सामन्यात एकामागून एक खेळाडू जखमी होत होते, तेव्हा किंग गिल नावाचा विद्यार्थी प्रेक्षकांतून खाली आला आणि गणवेश घालून कडेला तयार उभा राहिला. त्याला खेळावं लागलं नाही. १९९० मध्ये विद्यापीठानं हे नाव नोंदवलं. तिकडे सिॲटल सीहॉक्स या क्लबनं १९८४ मध्येच १२ नंबरची जर्सी चाहत्यांसाठी राखून ठेवली होती. २००६ मध्ये विद्यापीठानं क्लबवर दावा लावला, तडजोड झाली आणि क्लब पैसे मोजून नाव वापरू लागला. करार विद्यापीठ आणि क्लबचा. नाव ज्यांचं, ते चाहते त्यात कुठेच नव्हते.

मित्रानं यातून धडा काढला: आपणच आधी नोंदवू. २०२५ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये सातारा वॉरियर्स उतरली. सांगलीचा संघ नाही, याची आठवण तो मला न चुकता करून देतो. "वॉरियर्सच्या चाहत्यांना एक झकास नाव देऊ आणि नोंदवून टाकू. नाहीतर उद्या एखादी कंपनी येईल आणि आपल्यालाच नोटीस धाडेल, काय लका?"

मी हळदीचं उदाहरण दिलं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते नाव कुणा एकाचं नाही, त्या भागातल्या सगळ्या उत्पादकांचं आहे. मानांकन वस्तूंनाच मिळतं हे खरं, पण १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात संस्थेच्या सभासदांसाठी सामूहिक चिन्हाची सोय आहे.

"मग चाहत्यांची संस्था काढू," तो म्हणाला. आणि मला महाराष्ट्र केसरी आठवली.

२०२२ ची महाराष्ट्र केसरी साताऱ्यात झाली. मार्च २०२३ मध्ये महिलांची पहिली स्पर्धा सांगलीत झाली आणि आमच्याच जिल्ह्यातल्या प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुरुषांच्या मात्र दोन स्पर्धा झाल्या: फुलगावला सिकंदर शेख जिंकला, धाराशिवला शिवराज राक्षे. संघटना दोन, दोघींचा दावा की आमचीच खरी. ज्या नावासाठी पोरं पहाटे चारला उठून जोर-बैठका मारतात, त्या नावाचे एका महिन्यात दोन मानकरी. संस्था असली म्हणजे नाव सुरक्षित, असं आमच्या भागात तरी कुणाला सांगू नये.

म्हणून माझं मत असं आहे, की नोंदवायला धावू नये, वापरत राहावं आणि वापराच्या खुणा जपाव्यात. तारखेची बिलं, बॅनरचे फोटो, जुन्या पोस्ट. कुणी त्या नावासाठी अर्ज केला, तर जर्नलमध्ये आल्यापासून चार महिन्यांत हरकत घेता येते, आणि तेव्हा याच गोष्टी कामाला येतात. धंद्यात आधीपासून सलग वापर असेल, तर नंतर नोंदणी करणाऱ्याला तो सहसा थांबवता येत नाही. छोट्या दुकानदारासाठी बिलांची फाईल हीच ढाल.

दुसरं कारण आपल्या भाषेतच आहे. बारशाला नाव ठेवतात, टोपणनाव मात्र पडतं. एखाद्या हरलेल्या सामन्यात, तिसऱ्या रांगेतला कुणीतरी काहीतरी ओरडतो आणि पुढच्या सामन्याला सगळं स्टेडियम तेच ओरडतं. त्या पहिल्या माणसाचं नाव कुठल्याच अर्जावर नसतं. तो शोधूनही सापडणार नाही, आणि सापडला तरी म्हणेल, मी एकटा थोडाच होतो?