शुद्धिपत्राला घाबरू नकोस

चि. मुक्तास,


परवा फोनवर तू सहज बोलून गेलीस, "मावशी, मुलांनी तपासलेली मुद्रितं रात्री मी पुन्हा वाचते, त्याशिवाय झोपच लागत नाही." तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. छापखान्यात जायचे फर्मेही तिसऱ्यांदा अडवलेस म्हणे!

काटेकोरपणा मीच तुला शिकवला. ओट्याशी बसवून ऱ्हस्व-दीर्घ घोटून घेतले. म्हणूनच आज रागावते आहे.

आजोबांच्या कपाटातला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आठवतो ना, पाठ उसवलेला? ती १८५७ची दुसरी आवृत्ती. पहिली १८३१ची. सगळं निर्दोष होईतो साहेबाने ती अडवली असती, तर मधली सव्वीस वर्षं लोकांनी काय उघडून पाहिलं असतं? कोश हाताळला गेला की उणिवा दिसतात. कपाटात ठेवून नाही.

आणि तुझा तर दिवाळी अंक! १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाने पहिला काढला, तेव्हापासून या कामात दिवाळी कुणासाठी थांबलेली नाही. मी एका वर्षी शेवटच्या क्षणी सगळा अंक पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला. अंक भाऊबीजेनंतर स्टॉलवर गेला आणि गठ्ठे तसेच परत आले. त्याहून वाईट पुढे कळलं. एका लेखकाचं नाव चुकलेलं माझ्या हाताखालच्या मुलाला दिसलं होतं, पण माझ्या धाकाने तो बोललाच नाही. तुझी मुलंही गप्प होतील गं. शिवाय ताई पुन्हा वाचणारच, हे ठाऊक असल्यावर ती जीव ओतून कशाला वाचतील?

जुन्या पुस्तकांच्या शेवटी शुद्धिपत्र असायचं. इथे चुकलं, असं वाचावं, हे उघड सांगणाऱ्या त्या पानाइतका भरवसा मला दुसऱ्या कशाचा वाटत नाही. प्रत्येक कचेरीत, दवाखान्यात, अगदी घरातसुद्धा असं एक पान हवं. चूक सांगणाऱ्याला तिथे बोलणी बसू नयेत. तू त्या मुलांना एवढं दे. उरलेली चूक पुढच्या अंकात छाप. वाचक समजून घेतात.

डबा न उघडता परत येतो, असं तुझी आई सांगत होती. डोळ्यांचा नंबर तपासलास का? मान अजून दुखते का?

उद्याच फर्मे पाठव. ते गेले की मला फोन कर, आणि त्या रात्री जेवून झोप.

तुझी,
मावशी