धोटा आणि कप

मी गिरणीत काम करतो म्हटलं की लोक लालबाग-परळ समजतात. मित्रांनो, माझी गिरणी पिठाची, दिंडोशीच्या संतोषनगरातली. कापडाची गिरणी आजाची. रिंग खात्यात होता. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, तेव्हा बाहेर पडला तो कायमचाच.

रात्री अंगावरचं पीठ झटकून घरात शिरतो तर एकाच खोलीत दोन आघाड्या. धाकटी बहीण एम. ए. करते, प्रबंध गिरणी कामगारांवर. आई दिवसभर धुणीभांडी करून आलेली, तिला मालिका पाहिजे. मालिकेतला दिवाणखाना आमच्या अख्ख्या गल्लीएवढा. चित्रनगरीत सेट लावणारा शेजारी सांगतो, त्या भिंती प्लायच्या. तरी आईला त्याच खऱ्या वाटतात. आमच्या पत्र्याच्या भिंती बघणार कोण?

काल धाकटी चिडली. आईनं आवाज पार बंद केला, चित्र तेवढं ठेवलं. मग धाकटी वाचून दाखवू लागली. विणखात्यात आपल्या माणसांना घेत नसत. कांडी बदलली की धोट्यातून धागा तोंडानं ओढायचा. आपला उष्टा धागा सवर्ण कामगाराला कसा चालणार? आणि पगार तर मागावरच जास्त. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हाच सवाल युनियनपुढं टाकला. (लाल बावट्याखाली थुंकीलासुद्धा जात होती!)

आई पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "माझ्या एका म्याडमकडं माझा कप खिडकीत वेगळा असतो."

धाकटीचं पेन थांबलं. "आई, हे लिहू?"

"थांब, आधी जाहिरात लागू दे."