बडोद्याच्या खिडक्यांतील वेल

बडोदे पाहावयास आलेल्या पाहुण्यास आपण लक्ष्मीविलास राजवाडा दाखवितो, कीर्तिमंदिर दाखवितो, संध्याकाळी सूरसागराच्या काठी नेतो. हे सारे योग्यच आहे. परंतु ज्यास हे शहर राहत्या घरांच्या बाजूने पाहावयाचे असेल, त्याने दांडिया बाजारातून रावपुऱ्याकडे सावकाश पायी जावे आणि मान किंचित वर करून खिडक्या पाहाव्यात, अशी आमची सूचना आहे. गजांच्या जुन्या खिडकीत, दुकानावरच्या माडीत, वैद्यांच्या दवाखान्यात, फार काय, आमच्या शाळेच्या कार्यालयातील कपाटावरही एक वस्तू हटकून आढळते. काचेच्या बाटलीत किंवा ओंजळीएवढ्या कुंडीत लावलेली, हृदयाच्या आकाराच्या पानांची, हिरव्यावर पिवळे शिंतोडे उडालेली वेल. तिला आपण सारे मनीप्लांट म्हणतो. घराघरांत वसलेल्या या वेलीस मराठी नाव मात्र अद्याप मिळालेले नाही.

बाहेरून आलेले रुजवून घेण्याची बडोद्याची सवय जुनी आहे. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा एक मुलगा 1875 साली येथे दत्तक आला आणि महाराज सयाजीराव झाला. त्यांनीच 1893 साली गुस्टाव्ह हर्मन क्रुम्बिगेल या जर्मन उद्यानतज्ज्ञास येथे बोलाविले. पुढे 1908 साली याच गृहस्थांनी बंगळूरच्या लालबागेची धुरा सांभाळली. विश्वामित्रीच्या काठावरील सयाजीबाग, आपली कमाटीबाग, 1879 ची. या बागेत फिरताना देशोदेशींचे वृक्ष एका मातीत उभे असलेले दिसतात. आपल्या पूर्वजांची बिऱ्हाडेही याच मातीत स्थिरावली, हे वाचकांस निराळे सांगावयास नको.

मनीप्लांटचे माहेर याहूनही दूरचे. दक्षिण प्रशांत महासागरात ताहितीच्या शेजारी मूरेआ नावाचे ज्वालामुखीजन्य बेट आहे. ही वेल मूळची तेथील अरण्यातली. तेथे ती मोठ्या वृक्षांच्या छायेत जमिनीवर पसरते आणि खोड सापडले की हवाई मुळांनी त्यास धरून वर चढते. पानांआडून गाळून आलेला उजेड, दमट हवा आणि पायाशी पाण्याचा निचरा होणारी, पालापाचोळ्याची माती, एवढे तिचे मागणे. हे ध्यानात घेतले म्हणजे आपल्या जुन्या वाड्यांत ती का रमली, याचा उलगडा होतो. तुळशीस चौकातले ऊन हवे. ओटीवरून आत माजघराकडे जावे तसतसा उजेड मवाळ होत जातो, तेथे तुळस कुढते. या वेलीस मात्र तो मवाळ उजेड अरण्यातल्यासारखाच वाटत असावा.

तिची निगाही या माहेराच्या खुणेवरूनच ठरवावी. खिडकीपासून हात-दोन हातांवर, थेट ऊन लागणार नाही अशा जागी तिला ठेवावे. अगदी काळोख्या कोनाड्यात ती जगते, पण पानांवरील पिवळे शिंतोडे पुसट होतात आणि पेरांमधील अंतर वाढून वेल किडकिडीत होते. कुंडीत बोट घालून पाहावे. पहिल्या पेरापर्यंत माती सुकली असेल तरच पाणी द्यावे. पाण्यावाचून मेलेल्या मनीप्लांटपेक्षा अतिमायेने रोज पाणी घालून मुळे कुजविलेले मनीप्लांट आम्ही अधिक पाहिले आहेत. पाने पिवळी पडू लागली की माणसे आणखी पाणी घालतात, ते टाळावे. वैशाखात हवा कोरडी होते तेव्हा ओल्या फडक्याने पानांवरील धूळ पुसावी. बडोद्याचा हिवाळा तिला सोसतो. ग्वाल्हेर-इंदूरच्या वाचकांनी मात्र पारा दहा अंशांकडे उतरू लागला की रात्री तिला खिडकीपासून आत घ्यावे.

बाटलीतल्या वेलीविषयी थोडे कठोर बोलावयास हवे. बाटलीतले स्वच्छ, स्थिर पाणी डेंगी पसरविणाऱ्या डासास फार प्रिय असते. अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून दर आठवड्यास पाणी पूर्ण बदलावे आणि बाटली आतून घासावी, कारण अंडी काचेला चिकटून राहतात. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीचे पाणी वस्त्यांत शिरले होते; पुरानंतर साचल्या पाण्याचे भय किती असते, हे बडोदेकरांस समजावून सांगण्याची गरज नाही. दुसरी गोष्ट अशी की, ही वेल आपल्या अळूच्या कुळातली आहे. अळूच्या फतफत्यात चिंच का घालतात हे गृहिणी जाणतात. तीच खाजरी, सुईसारखी स्फटिके हिच्या पानांतही असतात. रांगते मूल आणि घरातले मांजर यांच्या तोंडी पान लागणार नाही, इतक्या उंचीवर ती असावी. घरातली हवा ती शुद्ध करते, असे पुष्कळजण सांगतात. बंद पेटीतल्या प्रयोगांवरून हा समज पसरला. राहत्या खोलीत त्या परिणामासाठी एवढी झाडे लागतील की माणसांस जागा उरणार नाही. डोळ्यांस गारवा देते, एवढे श्रेय तिला पुरे आहे.

शहरातील एखाद्या जुन्या बंगल्याच्या आवारात हीच वेल आंब्याच्या खोडावर चढलेली दिसली, तर ओळख पटणे कठीण जाते. बाटलीत तळहाताएवढे असणारे पान तेथे हातभर लांब आणि कडांस फाटलेले होते. चढावयास आधार आणि पोटास माती मिळाली, एवढाच फरक. तिचा हा जोम पाहता तिचे तोडलेले तुकडे नदीकाठी किंवा रानात फेकू नयेत. श्रीलंकेसारख्या देशांत ती जंगलात शिरून तेथील झाडोऱ्यास उपद्रव देऊ लागली आहे.

आता या वेलीचे खरे आश्चर्य सांगतो. तिला फूल येताना सहसा कोणी पाहत नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ फुलावरून कूळ-गोत्र ठरवितात; त्यामुळे 1880 साली ‘पोथॉस ऑरियस’ म्हणून नोंदल्या गेलेल्या या वेलीची नावे वारंवार बदलली आणि आज ती ‘एपिप्रेम्नम ऑरियम’ म्हणून ओळखली जाते. फूल का येत नाही, याचा उलगडा 2016 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने केला. फुलण्यास आवश्यक असे जिबरेलिन नावाचे संप्रेरक बनविणारे तिच्यातील एक जनुक काम करीत नाही. ते संप्रेरक बाहेरून दिल्यावर वेलीस फुले आली.

फूल नाही, म्हणून बी नाही. अर्थात आपल्या खिडकीतली वेल कोणाच्या तरी वेलीचा तुकडा आहे, आणि तीही आणखी कोणाच्या. माणसाने खुडून दुसऱ्या माणसास दिली, म्हणूनच ती महासागर ओलांडून रावपुऱ्यापर्यंत आली. आमच्या आठवीच्या मुलांस आम्ही दोन तुकडे लावावयास देतो: एकास पेर असते, दुसरे नुसते देठासह पान. पान पुष्कळ दिवस हिरवे राहते, पण त्याची वेल कधी होत नाही. पेराशी मात्र दोन-तीन आठवड्यांत पांढरी मुळे दिसतात. वर्गात वाचलेल्या धड्यापेक्षा ही बाटली मुले अधिक ध्यानात ठेवतात.

मनीप्लांट चोरून आणला तरच भरभराट होते, असा एक समज आपल्याकडे आहे. हा समज आम्हांस रुचत नाही. येथील गुजराती शेजाऱ्यांकडून आपण वाटकीव्यवहार शिकलो. भाजीची वाटकी गेली की ती रिकामी परत येत नाही. तुकडा चोरावा लागावा, इतके शेजार दुरावले असेल तर भरभराट कसली?

दांडिया बाजार-रावपुऱ्यातील जुने वाडे एकेक करून उतरविले जात आहेत. बिऱ्हाडे मांजलपूरला, गोत्रीला, वाघोडिया रस्त्यावरील फ्लॅटमध्ये जातात. दाराची चौकट नेता येत नाही, चौकातले वृंदावन नेले तरी त्यास ऊन मिळेलच असे नाही. शेजारी तर चार दिशांना पांगतात. अशा वेळी आमचे वाचकांस एवढेच सांगणे आहे: घर सोडण्यापूर्वी, शक्यतो पावसाळ्याच्या आरंभी, वेलीचे दोन-दोन पेरांचे तुकडे करावेत. प्रत्येक तुकडा गाठीच्या अंगुळभर खाली कापावा, खालचे पान काढावे, आणि जितकी बिऱ्हाडे तितके तुकडे स्वतःच्या हाताने द्यावेत. महिन्याने कोणाकडे मुळे फुटली, हे विचारावयास एकमेकांच्या घरी जाणे होईल.