डुगडुगणारें टेबल

नागपुराहून वर्ध्याच्या वाटेवर बुटीबोरी लागतें. आतां तें कारखान्यांचें गांव म्हणून ओळखलें जातें. तेथें माझा धाकटा भाऊ राहतो. गेल्या पावसाळ्यांत त्याच्याकडे गेलों असतां त्यानें चहा पुढें ठेवला, तों टेबल डुगडुगलें, चहा हिंदकळला आणि माझ्यांतला भाषेचा मास्तर जागा झाला.

अस्थिरतेच्या बाबतींत आपली मराठी मोठी श्रीमंत आहे. डुगडुगतें तें टेबल. हिंदकळतें तें भरल्या घागरींतलें पाणी. खिळखिळी होते ती जुनी खाट. कलंडते ती एकाच अंगाला कापूस भरलेली बंडी. नीट पाहिलें तर यांतल्या बहुतेक शब्दांत वस्तूच्या दुखण्याचें निदान असतें. खाट खिळखिळी झाली म्हटलें कीं सांधे ढिले झाले, हें सुताराला निराळें सांगावें लागत नाहीं.

माणसाकडे वळतांच मात्र हीच भाषा वैद्याची न राहतां न्यायाधीशाची होते. चंचल, उठवळ, धरसोड्या, लेचापेचा, कचखाऊ! यांत निदान नाहीं, नुसता निकाल आहे. 'डळमळीत' हा शब्द तेवढा दोहोंकडे चालतो. डच भाषेंतला 'वांकल' जसा डुगडुगत्या खुर्चीला लागतो आणि जोडशब्दांत शिरून दोलायमान मनाच्या माणसालाही लागतो, तसा. माझ्याजवळ मोल्सवर्थचा १८५७ चा कोश आहे, दाते-कर्व्यांचा १९३२ ते १९३८ या काळांत निघालेला शब्दकोशही आहे. शब्दाचा अर्थ त्यांत सांपडतो. तो शब्द ज्याच्या कपाळीं मारला त्याचें पुढें काय झालें, हें सांपडत नाहीं.

तीस वर्षांपूर्वी या भावानें इंजिनिअरिंगचें शिक्षण अर्ध्यावर सोडलें. मग एक दुकान, मग एक नोकरी, मग दुसरी. मीं त्याला लांबलचक पत्र लिहिलें. त्यांत 'धरसोड' हा शब्द तीनदां आला होता, आणि नेमका शब्द सांपडला म्हणून मी मनांत खूषही झालों होतों. त्या वेळीं वडील अंथरुणाला खिळले होते. त्यांच्याजवळ तो एकटाच होता. त्यांच्या दुखण्याच्या चढउताराप्रमाणें त्याच्या नोकऱ्या बदलत होत्या. हें मला ठाऊक नव्हतें असें नाहीं. परगांवच्या महाविद्यालयांतली माझी खुर्ची स्थिर राहिली, ती कोणाच्या अस्थिरतेवर, हा हिशेब मात्र मीं कधीं मांडला नाहीं.

"टेबलाचा एक पाय आखूड दिसतो," मी म्हणालों.

भावानें कागदाची घडी केली, वाकून पायाखालीं सरकवली. "पाय बरोबर आहे, दादा. इथली काळी माती. पावसाळ्यांत फुगते, उन्हाळ्यांत भेगाळते. फरशी खालींवर होते. टेबल काय करील?"

तो टेबलाविषयींच बोलत होता. त्या पत्राची आठवण त्यानें कधींच काढली नव्हती. त्या दिवशींही काढली नाहीं. टेबल हालायचें थांबलें आणि त्यानें दुसरा चहा सांगितला.

घरीं परतल्यावर मी त्याला पत्र लिहावयास बसलों. पत्र चारच ओळींचें. पण कोश उघडायचा नाहीं असें ठरविल्यामुळें त्याला सारी रात्र लागली.